शाई कोण पितंय?

१५ फेब्रुवारी, रविवार

प्रिंटर आला. रंगीत. शाईच्या टाक्यांचा.

आजपासून रोजनिशी. एसटीच्या मार्ग तपासणी पथकात होतो तोवर रोज संध्याकाळी रिपोर्ट लिहायचो. निवृत्त झालो, सवय मोडली आणि तब्येत बिघडली. घरात आमचं बोलणं दखनीत, पण रिपोर्ट म्हटलं की हात आपोआप मराठीत चालतो. वही कपाटात, किल्ली माझ्याकडं.

रिपोर्टात आधी पार्श्वभूमी लागते. शाहिस्ता, म्हणजे माझी पत्नी, हातच्या शेवया करते. अख्ख्या भूममध्ये तशा शेवया मिळत नाहीत असं तिचे माहेरचे म्हणतात, म्हणून मी बरीच वर्षं विश्वास ठेवला नव्हता. आजवर ईदला गल्लीत वाटायची. यंदा धाराशिवच्या उमाशंकर शेठनी तिला दोनशे पाकिटांची ऑर्डर दिली. त्यांचं सुक्या मेव्याचं मोठं दुकान आहे. तिच्या आयुष्यातली ही पहिली ऑर्डर. अट एकच : प्रत्येक पाकिटावर नीट छापलेलं लेबल पाहिजे. नाव, वजन, पॅकिंगची तारीख. माल बारा मार्चला दुकानात पोचला पाहिजे.

शाहिस्ता म्हणाली, लेबलं माजकडं छापून घेऊ. माज तिचा धाकटा भाऊ. स्टँडसमोर त्याचं झेरॉक्स आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. मी म्हटलं, घरचा माणूस मोकळा बसलेला असताना काम बाहेर कशाला? शाहिस्ता बराच वेळ गप्प बसली.

संमती.

१६ फेब्रुवारी

पहिली प्रिंट. एक्सलंट! डिझाइन उम्मेहानीनं केलं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मोबाइलवर सगळं करते. हिरवी वेल, मधे 'शाहिस्ता शेवया, भूम'. शाहिस्तानं आपलं छापील नाव दोनदा वाचलं. मग पदराला हात पुसून लेबल हातात घेतलं आणि तिसऱ्यांदा वाचलं. मला म्हणाली, छान आलंय. हे मी नोंदवून ठेवतो, कारण असं ती क्वचित म्हणते.

झोपायच्या आधी प्रिंटर भिंतीवरच्या बोर्डातून बंद केला. दुकानदार कृष्णराजनं बजावलं होतं की आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबा, तो शांत झाला की मग बोर्ड. एका बटणात काम होत असताना दोन बटणं दाबायला लावणारा माणूस काहीतरी लपवत असतो. नोकरीतला अनुभव.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुसरा रोजा.

रोज्यात गीबत करू नये. कुणाच्या पाठीमागं वाईट बोलू नये. म्हणून बोलणार नाही. फक्त लिहितो.

कृष्णराजनं फसवलं.

आज लेबलं काढायला बसलो तर प्रत्येक अक्षरातून आडव्या पांढऱ्या रेघा. 'शाहिस्ता शेवया' जाळीच्या खिडकीतून बघितल्यासारखं दिसतंय. चारच दिवसांपूर्वी खणखणीत छापत होता. मधे मी हातसुद्धा लावला नाही. फक्त रोज सकाळी चालू करून बघायचो आणि लगेच बोर्डातून बंद करायचो.

फोन केला. कृष्णराज म्हणाला, काका, नोझलमध्ये शाई वाळली असंल. हेड क्लीनिंग करा. एकदा, फार तर दोनदा, मग थोडा वेळ सोडून द्या. करून बघितलं. प्रिंटर आत कुठंतरी खरडल्यासारखा आवाज करत बसला. मग प्रिंट काढली. रेघा निम्म्यानं कमी!

विचार केला. एकदा-दोनदाच का? स्वच्छता जास्त झाली तर याचं काय जातं? संकल्प : रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ हेड क्लीनिंग. शिवाय अधूनमधून वाटेल तेव्हा.

२३ फेब्रुवारी, दुपार

गंभीर बाब.

टाकीतली शाई उतरली आहे. निळी तर चांगलीच. छापलेले कागद जेमतेम मूठभर. मग शाई गेली कुठं? बसमध्ये माणसं कमी आणि फाडलेली तिकिटं जास्त, असं कधी होत नाही. उलटं होतं. इथं शाई खर्च आणि कागद कोराच. कुणीतरी माझ्या पाठीमागं प्रिंटर वापरतंय.

उम्मेहानीला विचारलं, कॉलेजचं काही छापलंस का? ती म्हणाली, अब्बा, मी सगळं मोबाइलवरच वाचते. उत्तर फारच लवकर दिलं. निरपराध माणूस आधी गोंधळतो.

टाकीवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण केली. वर बारीक सही.

२४ फेब्रुवारी

खुणेच्या खाली!

सकाळच्या क्लीनिंगला बसलो तेव्हाच लक्षात आलं. क्लीनिंग उरकून पुन्हा बघितलं तर आणखी खाली. म्हणजे चोर आसपासच होता.

२५ फेब्रुवारी

इफ्तारीला माज आला होता. खजूर हातात घेऊन सरळ प्रिंटरपाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, दुल्हाभाई, कशाला तरास करून घेता? माझ्याकडं द्या, तासाभराचं काम हाय. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो. घरचा प्रिंटर बिघडला तर फायदा कुणाचा? ज्याचं प्रिंटिंगचं दुकान आहे त्याचा. हे तर हवालदारालाही कळेल.

मी म्हटलं, काम व्यवस्थित चालू आहे. तेवढ्यात शाहिस्तानं भावाला आणखी दोन भजी वाढली. मला विचारलं नाही.

संशयितांत माज एक नंबरला. उम्मेहानी दोन. शाहिस्ताचं नाव अजून घातलेलं नाही.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

सापळा. प्रिंटरच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली दिवसभर माझ्या खिशात. माझ्याशिवाय कुणीही आत गेलं नाही. मीसुद्धा फक्त क्लीनिंगपुरता गेलो, दर वेळी आतून कडी लावून.

तरी शाई उतरली.

हा साधा चोर नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

चोरावर मात. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'ड्राफ्ट' नावाचा एक प्रकार सापडला. त्यात शाई कमी लागते. चोराला काही कळू न देता मी तो लावून टाकला. आता त्यानं चोरून छापलं तरी हाताला फार काही लागणार नाही.

१ मार्च

लेबलं फिकट येतायत. हिरवी वेल वाळलेल्या कोथिंबिरीसारखी. आधी रेघा, आता फिकटपणा. उघड आहे. शाईत पाणी. दुधात घालतात तसं.

तडक कृष्णराजचं दुकान गाठलं. रोज्याचं तोंड, त्यामुळं आवाज चढवला नाही, पण बघितलं मात्र तसंच. लॅपटॉप सोबत नेला होता. त्यानं उघडला, दोन ठिकाणी दाबलं आणि म्हणाला, काका, हे ड्राफ्टवर कुणी ठेवलं? फिकटच येणार की.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, मीच ठेवलं होतं. तुमची परीक्षा घेत होतो. पास झालात.

तो हसला. का हसला?

२ मार्च

आज प्रिंट गडद! आता खरी लेबलं. माजनं आणून दिलेल्या स्टिकरच्या कागदांवर छापायला घेतलं. त्यानं आणले होते म्हणून आधी उलटसुलट तपासले, वास घेतला, मग घातले. अक्षरं सुंदर उमटली. बोट लावलं तर अख्खं 'शाहिस्ता' बोटावर आलं. शाई कागदात मुरतच नव्हती, तेलासारखी वर तरंगत होती. वाळतील म्हणून कागद पंख्याखाली मांडले. ते उडाले. एक भिंतीला चिकटला. भिंतीवर आता उलटं 'शेवया' आहे.

माजनं मुद्दाम असला कागद दिला. केस मजबूत होतेय.

तेवढ्यात शेजारचे बलभीम आले. ते एसटीत ड्रायव्हर होते, माझ्याबरोबरच रिटायर झाले. त्यांनी एक कागद उचलला, कोपरा नखानं सोलून बघितला आणि म्हणाले, ‘‘मुजीबभाई, ही तर पाठीमागची बाजू न्हाय का? फेकून द्यायचा कागूद ह्यो. स्टिकर पलीकडं हाय.’’

मी म्हटलं, मला माहीत आहे. आधी पाठीमागं ट्रायल घेतोय.

‘‘समद्या कागदांवर?’’

बलभीम चांगला माणूस आहे, पण प्रश्न फार विचारतो.

३ मार्च

शाहिस्तानं विचारलं, किती लेबलं झाली? मी म्हटलं, आकडा महत्त्वाचा नाही, दर्जा महत्त्वाचा. तिनं पुन्हा विचारलं, एक तरी? मी म्हटलं, सतरा तारखेचं ते पहिलं. (सोळा. गडबडीत चुकलो.)

ती वर गच्चीवर निघून गेली. तिथं बाजांवर चादरी अंथरून शेवया वाळत घातल्यात. रोजा धरून दिवसभर शेवयांचं हातमशीन फिरवते. संध्याकाळी दोन्ही हात खांद्यापासून दुखतात, ते आपले आपणच चेपत बसते. मी म्हटलं होतं, फार दगदग करू नकोस.

४ मार्च

ऊन वाढलं. बलभीमचं म्हणणं : ‘‘लई ऊन हाय. शाई आटत आसंल. कूलरजवळ ठिवा, गार राहील.’’ मुद्द्यात दम वाटला. शाई कमी होण्याचं हे एक निर्दोष कारण असू शकतं, असं क्षणभर वाटून गेलं. पण क्षणभरच. उन्हाला माजच्या दुकानाशी काय देणंघेणं? तरी प्रिंटर कूलरसमोरच्या स्टुलावर हलवला.

५ मार्च

कागद दमट होऊन आत अडकले. ओढून काढले, फाटले. अर्धा तुकडा आतच राहिला. तो चिमट्यानं काढला, उम्मेहानीच्या भुवयांच्या. तिनं तो चिमटा परत घ्यायला नकार दिला.

आता प्रत्येक अक्षर दोनदा येतंय. 'शेवया'च्या पाठीमागं आणखी एक फिकट 'शेवया', सावलीसारखी. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, त्यामुळं छापताना प्रिंटर डुलतो. पाय आखूड कुणी केला? स्टूल शाहिस्ताच्या माहेरचं आहे.

नोंद करून ठेवली.

६ मार्च, शुक्रवार

स्टुलाखाली कागदाची घडी घातली. माहितीपुस्तकात बघून अलाइनमेंट केली. दुहेरी अक्षरं गेली! मन भरून आलं. शाहिस्ताला हाक मारणार होतो, तेवढ्यात काळी शाई संपल्याचा दिवा लागला.

भरली तर होती! मागच्याच आठवड्यात मी स्वतः बाटली ओतली होती.

७ मार्च

कृष्णराजकडं नवीन बाटल्या घ्यायला गेलो. त्यानं विचारलं, एवढी शाई लागते कशाला, काका? किती छापलं? मी खरं ते सांगितलं. छापलं काही नाही, शाई चोरी होते. त्यानं पुढं विचारलं, क्लीनिंग किती वेळा करता? मी अभिमानानं सांगितलं.

त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, अहो काका, क्लीनिंग म्हणजे शाईच. प्रिंटर शाई ओढून नळीतनं आणि हेडमधनं काढतो आणि खाली फोममध्ये सोडतो. तुमची सगळी शाई तिथं गेलीय. आणि बोर्डातून बंद केलं की हेड उघडं राहतं, म्हणून वाळतं, म्हणून तुम्ही क्लीनिंग करता.

घरी येऊन शांतपणे विचार केला. स्पष्टीकरण सोयीचं आहे. कृष्णराजच्या सोयीचं. क्लीनिंगनं शाई जाते तर क्लीनिंगचं बटण दिलं कशाला? आणि शाईच्या बाटल्या विकतो कोण? तोच.

म्हणजे माज आणि कृष्णराज एकमेकांना ओळखतात का, हे शोधलं पाहिजे. भूम एवढंसं. ओळखत असणारच.

खातरी करून घ्यायला आज एकदाही क्लीनिंग केलं नाही. शाई उतरली नाही.

चोर सावध झालाय.

८ मार्च, रविवार

चार दिवस राहिले. बारा तारखेच्या सकाळी माल निघायला हवा. शाहिस्तानं आज सकाळी सरळच सांगितलं, मी माजला बोलावलंय, संध्याकाळी येऊन फाइल घेऊन जाईल. आवाज मऊ होता. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत मला वेळ दे. ती हो म्हणाली. तिनं हो म्हणायला नको होतं.

माज यायच्या आत लेबलं काढायची आणि प्रिंटर त्याच्या नजरेलाही पडू द्यायचा नाही, असं ठरवलं. गच्चीवरची छोटी खोली सुरक्षित. चारही टाक्या काठोकाठ भरल्या, प्रिंटर उचलला आणि जिना चढायला लागलो. जिना अरुंद. सरळ धरून वळता येईना. म्हणून उभा धरला.

पुढचं लिहावंसं वाटत नाही. पण रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट.

गच्चीच्या दारात आलो तेव्हा हाताला ओलं लागलं. वाटलं घाम. खोलीचं दार पलीकडच्या टोकाला, मधे बाजा. दोन बाजांमधून वाट काढताना वायर पायात आली. पडलो नाही. सावरलो. पण सावरताना प्रिंटर बाजेवर टेकला.

काळी, निळी, पिवळी, लाल.

पांढऱ्या शेवयांवर शाई किती लांब पळते ते मी कधी बघितलं नव्हतं. एका काडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. मी प्रिंटर उचलला, तर शेजारच्या बाजेवर ठिबकला. ठेवायचा कुठं कळेना. धरून उभा राहिलो.

शाहिस्ता आवाज ऐकून वर आली. आधी माझ्याकडं बघितलं. म्हणाली, ‘‘लागलं तर नाही ना तुम्हाला?’’ मी मान हलवली. मग तिनं बाजेकडं बघितलं. खाली बसली आणि रंगलेल्या शेवया ओंजळीनं घमेल्यात भरू लागली. काही चांगल्या होत्या, त्या वेगळ्या काढायचा प्रयत्न करत होती. मग तेही सोडून दिलं. दोन बाजा. चार दिवसांची मेहनत.

उम्मेहानी दारात उभी होती. म्हणाली, ‘‘सापडला का चोर, अब्बा?’’

शाहिस्ता तिला म्हणाली, ‘‘गप.’’

इफ्तारीला शाहिस्तानं खजूर तोंडात घातला आणि पाणी प्यायली. बाकी ताटाला हात लावला नाही. तिच्या बोटांच्या पेरांना निळं लागलं होतं. साबणानं जात नव्हतं.

९ मार्च

टाक्यांची झाकणं नीट लागलेली नव्हती, हे उघड आहे. शाई कुणी भरली होती आणि झाकणं कुणी लावली होती, याची चौकशी व्हायला पाहिजे.

चौकशी तूर्त स्थगित.

१० मार्च

घरात जत्रा. बलभीमच्या घरच्या कस्तुराबाई आल्या. गल्लीतल्या चाँदबी खाला आल्या. माजची बायको आली. दोन जादा मशीनं आली. कुणी पीठ मळतंय, कुणी शेवया तोडून चादरीवर टाकतंय. कस्तुराबाई म्हणाल्या, ‘‘आवं भाभी, रडताव कशाला, दोन दिवसांत व्हतंय समदं.’’ मला तर शाहिस्ता रडताना दिसली नव्हती. बायकांना कुठं दिसली कुणास ठाऊक.

मी मशीनचं हँडल मागितलं. शाहिस्तानं दिलं. बराच वेळ फिरवलं. खांद्यातून कळ निघाली. हे ती महिनाभर करतेय. असं काही माझ्या लक्षात आलं आणि मी ते इथं लिहून ठेवतो.

मग चाँदबी खाला म्हणाल्या, जरा हळू फिरवा, तार तुटतेय. हँडल परत घेतलं गेलं.

११ मार्च

माज लेबलं घेऊन आला. प्रत्येक अक्षर ठसठशीत. वेल हिरवीगार. एकावरही रेघ नाही, डाग नाही, सावली नाही. मी भिंग लावून बघितलं. काहीच सापडलं नाही. एवढं निर्दोष काम संशय वाढवणारंच असतं, पण बोललो नाही. रोजा.

जाताना माजनं विचारलं, दुल्हाभाई, तो प्रिंटर न्हेऊ का? साफ करून बघतो. मी काही म्हणायच्या आत शाहिस्ता म्हणाली, ने.

१२ मार्च, गुरुवार

माल पोचवायला मी स्वतः गेलो. एसटीतून खोकी न्यायची तर माझ्याइतका जाणकार दुसरा कोण? कंडक्टरनं विचारायच्या आत सामानाचं तिकीट मागितलं. पोरगा घाबरला, मला अजून नोकरीतला समजला. बरं वाटलं. धाराशिव येईपर्यंत खोक्यांवर हात ठेवून बसलो होतो. पलीकडच्या सीटवरचा एक माणूस सारखा खोक्यांकडं बघत होता. येडशीला उतरला.

उमाशंकर शेठनी एक पाकीट उचललं, उजेडात धरलं, लेबलवर अंगठा घासला. पुसलं नाही. म्हणाले, ‘‘झकास. भाभींना सांगा, शेवया तर नंबर एक हायतच, पण लेबलसुद्धा मोठ्या कंपनीसारखं. कुठं छापलं?’’

मी म्हटलं, आमच्याकडंच.

माज आमचाच आहे. खोटं काही नाही.

घरी येऊन शेठचं वाक्य शाहिस्ताला जसंच्या तसं सांगितलं, शेवटचा प्रश्न सोडून. ती चुलीपाशी होती. तिनं मला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग उम्मेहानीला हाक मारून तिच्यासमोर आणखी एकदा.

१८ मार्च

सहज माजच्या दुकानावरून चाललो होतो. (सहज म्हणजे मुद्दाम.) आत कोपऱ्यात आमचा प्रिंटर. सपाट टेबलावर. पेटीतून काढल्यासारखा. सरसर छापत होता. लग्नाच्या पत्रिकेचा नमुना होता, गुलाबी रंगात, एकही रेघ नाही.

विचारलं, काय केलंस? माज म्हणाला, ‘‘काही नाही दुल्हाभाई. सांडलेली शाई पुसली, एक पार्ट कृष्णराजकडनं आणला. आता रोज एखादा कागद काढतो आणि त्याच्याच बटणानं बंद करतो. बास.’’

कृष्णराजकडनं आणला. दोघं ओळखतात. मी म्हटलंच होतं.

पण सर्वात मोठा धक्का प्रिंटरचा. माझ्या घरी इतके दिवस रडत होता आणि इथं असा हसून चालतोय. परक्याच्या दारात एवढं गोडीत वागणारा माणूस असता तर त्याला मी फितूर म्हटलं असतं.

माजनं खुर्ची दिली. बसलो नाही.

२१ मार्च, शनिवार. ईद.

ईद मुबारक. शीरखुर्मा उत्तम. सगळ्यांची गळाभेट घेतली, माजचीही. गळाभेटीत संशय ठेवता येत नाही. अडचण होते.

बलभीम आणि कस्तुराबाई दुपारी येऊन गेले. बलभीम दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, ह्यात निळ्या शेवया न्हायत्या ना? सगळे हसले. शाहिस्तासुद्धा. महिनाभरानंतर तिचं हसू बघितलं, म्हणून मीही हसलो. नंतर विनोद पुन्हा तपासला. विशेष नव्हता.

२७ मार्च

शेठचा फोन. आता लग्नसराई. रुखवतासाठी शेवया पाहिजेत, गेल्या खेपेच्या दुप्पट. शाहिस्तानं फोनवर स्वतःच बोलून दिवस ठरवला, वजन ठरवलं, लेबलं माजकडं हेही तिनंच सांगून टाकलं. मला फक्त फोन ठेवल्यावर कळलं.

मी विचारलं, या वेळी माझ्याकडं काय काम? उम्मेहानीनं आईकडं बघितलं. शाहिस्ता विचार करून म्हणाली, गच्चीवर बसा. शेवया वाळतात तिथं चिमण्या येतात. जबाबदारीचं काम आहे, बाकी कुणाला जमणार नाही.

शेवटी कदर झाली.

२९ मार्च, रविवार

गच्ची तपासणी पथक. पहिला दिवस. खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली, काठी, शिट्टी. (शिट्टी नोकरीतली.)

सकाळी : दोन चिमण्या. कठड्यावर. माल बघून गेल्या. नक्की टेहळणी.

थोड्या वेळानं : त्याच दोघी परत. एक माझ्याकडं बघते तेव्हा दुसरी मुद्दाम दुसरीकडं बघते. शिट्टी वाजवली. उडाल्या. खालून चाँदबी खालांनी ओरडून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, परिस्थिती नियंत्रणात आहे.

दुपारी : जरा डोळे मिटले. विचार करण्यासाठी.

उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. छत्री माझ्या तोंडावर सावली पडेल अशी कुणीतरी फिरवून ठेवली होती. धडपडत बाजांकडं गेलो. एक काडी इकडची तिकडं झालेली नव्हती. सगळ्या बाजांवर पातळ जाळीचं कापड ताणलेलं, चारही पायांना दोऱ्यांनी बांधलेलं. चिमणीच काय, माशीसुद्धा आत शिरणार नाही. दोऱ्या जुन्या, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या. गाठीसुद्धा जुन्याच, आणि एका कापडावर त्या दिवशीच्या शाईचा निळा डाग. म्हणजे हे जाळीचं कापड वर्षानुवर्षं असंच बांधतात.

मग मला वर कशाला बसवलं होतं?

याची चौकशी झाली पाहिजे. उद्या बघू. शाहिस्तानं चहा घेऊन हाक मारली आहे.